तळ्याला वळसा

मराठी माणसाला डोंगर दाखवा, तो लगेच विचारतो, "वर काय आहे?" वर किल्ला असला तर उत्तमच. किल्ला नसला तर निदान देऊळ तरी असावे. देऊळ नसले तर पडका बुरूज, आणि तोही नसला तर सूर्योदय! वर काहीच नसेल तर देवाने एवढा डोंगर उभा करण्याचा खटाटोप कशाला केला, असा त्याचा एकंदर रोख असतो. धापा टाकीत माथा गाठायचा, महाराजांचा जयजयकार करायचा, डब्यातल्या थालीपिठांवर ताव मारायचा आणि उतरताना गुडघ्यांची कुरकुर ऐकत घरी यायचे, ही आपली डोंगर हिंडण्याची कल्पना. तिच्याबद्दल मला आदर आहे. पण कुणी सांगितले की, "आम्ही रानातल्या एका तळ्याभोवती फिरून आलो," तर ऐकणारा क्षणभर घुटमळतो आणि सहानुभूतीने विचारतो, "का हो? तब्येत बरी नव्हती का?"

आमच्या बाबतीत हा प्रश्न अगदी रास्त ठरला असता. तब्येत खरोखरच बरी नव्हती. माझी नव्हे, आप्पांची.

आप्पा म्हणजे माझे वडील. आम्ही मोऱ्याचे. मोरा म्हणजे उरणचे बंदर. पत्त्यात हल्ली 'नवी मुंबई' असे लिहितात, पण त्यामुळे गाळ काही कमी झालेला नाही. भाऊच्या धक्क्यावर लाँचमध्ये बसले की घारापुरी डाव्या हाताला टाकून तासाभराच्या आत माणूस मोऱ्याला लागतो. म्हणजे लागावा अशी अपेक्षा असते. उधाणाच्या दिवसांत पाणी ओसरले की धक्क्याजवळ गाळ उघडा पडतो आणि लाँचा खोळंबून राहतात. या लाँचांपैकी एकीवर आप्पा चौतीस वर्षे सारंग होते. मोरा ते भाऊचा धक्का आणि भाऊचा धक्का ते मोरा. त्यांचे सारे आयुष्य पाण्यावरच्या एका रेघेवर गेले म्हणा ना! आम्हां मुलांची शिक्षणे, बहिणींची लग्ने, माझे एम. ए. आणि त्यापायी घरात साठलेली पुस्तकांची रद्दी (हा शब्द आईचा), हे सगळे त्या रेघेवरून ये-जा करून आले.

२०२४ च्या मे महिन्यात आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. सौम्य होता, असे डॉक्टर म्हणाले. ज्याला तो येतो त्याच्यासमोर 'सौम्य' हा शब्द उच्चारू नये, असे माझे भाषेचा मास्तर म्हणून मत आहे. हात सुधारला, बोलणे थोडे जड झाले आणि उजवा पाय मात्र ओढत राहिला. रोज अर्धा तास तरी चालायलाच हवे, अशी डॉक्टरांची ताकीद होती. आप्पा स्वयंपाकघरापासून ओट्यापर्यंत चालत आणि ओट्यावरून परत फिरत. उंबरठ्याबाहेर पाऊल नाही. मी समजावले, आईने रागावून पाहिले, मुक्ताने, माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने, गळ्यात हात टाकून पाहिले. शेवटी एके दिवशी ते म्हणाले, "मोऱ्यात मला सगली वलखतात."

बस्स, एवढेच. पण घरात सगळ्यांना कळले. धक्क्यावर उभे राहून शेकडो माणसांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसाला त्याच माणसांसमोर पाय ओढत जायचे नव्हते. यावर मी काही उत्तर शोधीत बसलो. पण उत्तर सापडले ते आमच्या हिला. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मग जिथे कुणी ओळखत नाही तिथे चालू देत की!"

आता अशी जागा कोणती? घरामागचा द्रोणागिरी चढाचा. घारापुरी समोरच, पण लेण्यांपर्यंत पायऱ्यांची लांबलचक रांग, शिवाय तिथल्या लाँचवाल्यांत आप्पांना न ओळखणारा एकही नाही! कर्नाळ्याला पक्षी आहेत, पण वाट चढते. आम्हांला हवी होती सपाट वाट, वर सावली, मोटारींचा धाक नको, आणि सगळे चेहरे परके. अशा अटी लग्नाच्या जाहिरातीत घातल्या तर मुलगी मिळायची नाही. पण जागा मिळाली. माथेरान! आणि माथेरानातही ते शार्लोट तळे.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली वर चढला आणि त्याने माथेरान 'शोधले', असे पुस्तकांत लिहितात. धनगर-ठाकरांना ते आधीपासून ठाऊक होतेच. पण शोध लागतो तो साहेबालाच. तिथे मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे घोडा, पाय नाही तर छोटी आगगाडी. १९०७ पासून ही दोन फुटी रुळांवरची गाडी नेरळहून डोंगर चढते आहे. आदमजी पीरभॉय या मुंबईच्या धनिकाच्या पैशातून आणि त्यांच्या मुलाच्या, अब्दुल हुसेनच्या, हट्टातून ती झाली. बापाच्या पैशाचा मुलाने इतका चांगला उपयोग केल्याची उदाहरणे थोडीच असतील.

आम्ही डिसेंबरात गेलो. गर्दी नको म्हणून मंगळवार गाठला; मुक्ताच्या शाळेला दोन दिवस चाट बसली, तिची तक्रार नव्हती. दस्तुरीपर्यंत भाड्याची मोटार आणि पुढे अमन लॉज ते माथेरान ही छोटी गाडी. खिडकीशी बसलेल्या आप्पांनी गाडीचा वेग पाहून एकच शेरा मारला, "आमची लाँच बरी." स्टेशनाबाहेर हातरिक्षावाले होते. (ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, आम्ही गेलो तो त्याआधीचा डिसेंबर.) मी आप्पांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. माणसाने ओढलेल्या गाडीत बसायचे नाही, हा त्यांचा नियम दिसला. की आपल्यालाच एक पाय ओढायचा आहे, त्यात दुसऱ्याला कशाला, असे काही मनात होते कोण जाणे.

रात्री लॉजवर झोपून दुसऱ्या दिवशी सकाळी आठाला निघालो. वाटेवर मुक्ता पाट्या वाचीत होती: लुईझा, एको, लॉर्ड, अलेक्झांडर, हार्ट. "बाबा, इथे सगळे इंग्रजच राहायचे का?" मास्तराच्या हाती अशी संधी आल्यावर तो सोडतो थोडाच! मी तिला भाई कोतवालांची गोष्ट सांगितली. याच गावात १९१२ साली जन्मलेला हा वकील. सावकारी पाशातल्या शेतकऱ्यांसाठी त्याने धान्यकोठ्या काढल्या, बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या रानात गोळी खाल्ली. गोष्ट संपली तेव्हा मुक्ता पुढे निघून गेली होती आणि ऐकत होते ते आप्पा. "शिदगड खंय रं?" असे त्यांनी विचारले तेव्हा मला बरे वाटले, झटक्यानंतर ते होऊन प्रश्न विचारीत नव्हते.

वाट तांबडी आहे. जांभ्याची माती, पायाखाली पिठासारखी बारीक. वर अंजनी, जांभूळ, हिरडा यांचे छत इतके दाट की सकाळचे ऊन कवडशांनीच खाली येते. झाडांची मुळे वाटेवर आडवी आलेली. धडधाकट माणसाला ती दिसतही नाहीत. पण उजवा पाय उचलला जात नसलेल्या माणसाबरोबर चाला, म्हणजे वाटेतली प्रत्येक मुळी, प्रत्येक दगड तुमच्या ओळखीचा होतो. 'सोपी वाट' हा शब्द मी पुस्तिकेत वाचला होता. सोपी कुणाला, हे पुस्तिकेत नसते. घोडेवाले मागून येत आणि "बाबांना घोडा?" असे विचारून पुढे जात. तिसऱ्या घोडेवाल्याला आईनेच सुनावले, "त्यांना घोडा नको, तुम्हीच बसा!"

एवढ्यात मुक्ता थबकली आणि खाली बोट दाखवून म्हणाली, "आजोबांची रेघ!" खरेच, तांबड्या धुळीत डाव्या पायाचा ठसा, पुढे एक लांब रेघ, पुन्हा ठसा, पुन्हा रेघ. मागे वळून पाहिले तर वाटेच्या वळणापर्यंत ती गेलेली. माझ्या पोटात कसेसेच झाले. आप्पा मात्र काठीवर रेलून बराच वेळ ती पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "लाँचच्या मागं बी अशीच रेघ पडते. ती पुसून जाते, ही ऱ्हायली." त्यानंतर मुक्ता ती रेघ न पुसता वाटेच्या कडेकडेने चालू लागली. मागून आलेल्या घोड्याने ती पुसली ती गोष्ट वेगळी.

तळे एकदम दिसते. झाडी संपते आणि समोर निवांत पाणी. नावाने ते इंग्रज असले तरी कामाने अगदी गावचे आहे: माथेरानच्या पिण्याच्या पाण्याचा हा साठा, म्हणून त्यात उतरायला बंदी. आप्पा काठावर बसले. माझी कल्पना होती की ते काही तरी हळवे बोलतील. ते म्हणाले, "ह्या पान्याला सुकती नाय?" जन्मभर भरती-सुकतीचे, भांगा-उधाणाचे गणित डोक्यात घेऊन हिंडलेल्या माणसाला जागेवरून न हलणाऱ्या पाण्याचा संशय आला होता. मी सांगितले की हे पावसाचे अडवलेले पाणी, इथली माणसे हेच पितात. तेव्हा त्यांनी बांधाकडे, मग पुन्हा पाण्याकडे जरा आदराने पाहिले. आमच्या मोऱ्याला समोर जितके म्हणून पाणी आहे तितके सगळे खारट. नळाला येते ते रानसईच्या धरणाचे, आणि उन्हाळ्यात त्याचीही वाट पाहायची. गोड्या पाण्याला आमच्याकडे नुसती शोभा म्हणून कुणी पाहत नाही.

तळ्याकाठीच पिसारनाथाचे देऊळ आहे. माथेरानचे हे ग्रामदैवत. आईला आत जायचे होते, पण तिच्या पिशवीत तांदळाच्या भाकऱ्यांबरोबर सुकटीची चटणी होती. ती घेऊन महादेवाच्या दारात कसे जायचे? म्हणून पिशवी हिच्याकडे देऊन आई आत गेली. माथेरानची माकडे हाच क्षण साधतात. एका मोठ्या हुप्प्याने झाडावरून झेप घेऊन पिशवी लांबवली, फांदीवर बसून पुडी सोडली, एकदा वास घेतला आणि अशा तुच्छतेने ती चटणी खाली फेकली की जणू कुणी उच्चकुलीन माणूस! भाकऱ्या मात्र खाल्ल्या. आई देवळातून येऊन पाहते तो हा प्रकार. "मेल्याला चव नाय," एवढेच ती म्हणाली; पण आप्पा हसले. आवाज न करता, खांदे हलवून. सात महिन्यांनी हसले.

तिथून पुढे कसे जायचे यावर चर्चा झाली. आलो तसेच परतावे, असे माझे म्हणणे. आप्पांचे चालणे पुरे झाले होते. गोल वाटेची एक गोम अशी आहे की निम्म्यापर्यंत मागे फिरण्यात फायदा असतो. निम्मे गाठले की मागे फिरणे आणि पुढे जाणे सारखेच लांब. सरळ वाटेवर दमलेला माणूस केव्हाही वळू शकतो. इथे एका जागी ठरवावे लागते. मी हे सगळे समजावून सांगत होतो तोवर आप्पा उठून बांधाच्या दिशेने निघालेसुद्धा. "तळं उजवीला ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "जाताना घारापुरी उजवीलाच अस्ते."

देवालाही आपण उजव्या हातालाच ठेवतो. नर्मदेची परिक्रमा करणारे नर्मदामाईला उजवीकडे ठेवून महिनोन्‌महिने चालतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची फेरी होते, तीही अशीच. म्हणजे वर न चढता नुसते भोवती फिरून यायचे, ही गोष्ट आपल्याला मुळीच परकी नाही. फक्त तिला आपण प्रदक्षिणा म्हणतो आणि मध्ये देव असावा लागतो. मध्ये नुसते पाणी असले तर मात्र "तब्येत बरी नव्हती का?"

बांधाजवळून पलीकडे जाऊन एको पॉइंटला पोचायला आम्हांला किती वेळ लागला, ते घड्याळ पाहिले नाही म्हणून सांगता येत नाही. आमच्या मागून आलेली एक कॉलेजची टोळी पुढे गेली, दरीत आरडाओरडा करून, फोटो काढून परतलीसुद्धा आणि आम्ही अजून त्याच वळणावर होतो. एरवी मी झपाझप चालणारा माणूस. वर्गावरही तास संपायच्या आत धडा संपवणारा. त्या दिवशी चार पावले टाकायची आणि थांबायचे, असे चालताना एका बुलबुलाच्या जोडीची सगळी संसारकथा पाहून झाली. आणि एक शेकरू! तांबूस, झुपकेदार शेपटीचे, एका झाडावरून दुसऱ्यावर पाण्यासारखे वाहत गेले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून ते सामान्यज्ञानाच्या पुस्तकात मुक्ताने पाठ केले होते. पुस्तकाबाहेर ते आम्हां सगळ्यांनाच पहिल्यांदा भेटले.

एको पॉइंटला कठडा आहे आणि समोर दरी. तिथे जाऊन माणसे आपलेच नाव ओरडतात, ही मनुष्यस्वभावाची मोठी गमतीची खूण आहे. मुक्ताने आपले नाव ओरडून घेतले, मग आमच्या मांजरीचे. दरीने दोन्ही परत केली. मग ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही!" आम्ही मोठी माणसे एकदम गप्प झालो. आप्पांचे बोलणे जड झाले होते. घराबाहेरच्या माणसाशी तर ते बोलतच नसत. आजूबाजूला दहाबारा माणसे होती. मी मुक्ताला डोळ्यांनी दटावले.

आप्पांनी काठी कठड्याला टेकवून ठेवली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि साद घातली, "मोऽरा! मोऽरा! मोऽरा!"

ही त्यांची भाऊच्या धक्क्यावरची हाक. लाँच सुटायच्या आधी उतारू गोळा करण्यासाठी धक्क्यावरून अशीच हाक जाते, आणि चौतीस वर्षे ती आप्पांच्या गळ्यातून गेली होती. लहानपणी त्यांच्याबरोबर मुंबईला गेलो की मला तिची लाज वाटे. पुढे कॉलेजात असताना परीक्षेहून परतताना धक्क्यावर ती कानी आली की आता घर आले असे वाटे. आज त्या हाकेतला 'र' निसटत होता. 'मोया'सारखे काही तरी उमटत होते. पण समोरून जे परत आले त्यात सगळेच अक्षर धूसर झालेले होते. मुक्ताचे नाव, मांजरीचे नाव आणि ही हाक, तिन्हींत काही फरक कळत नव्हता. कठड्याशी उभा असलेला एक मुलगा म्हणाला, "बाबा, आवाज काय खणखणीत आहे तुमचा!" आप्पांनी आणखी एकदा हाक दिली. मग तिसऱ्यांदा. आई पदराने चष्मा पुसू लागली आणि तो बराच वेळ पुसत राहिली.

परतीची वाट लुईझा पॉइंटच्या बाजूने. समोर प्रबळगड, जुन्या कागदांतला मुरंजन, लांब सपाट पाठ करून बसला होता. त्याच्यापलीकडे पनवेल, त्याच्यापलीकडे उरण आणि आपले मोरा, असे मी दाखवले. दिसत काहीच नव्हते, धुके होते. तरी आप्पांनी दिशा नीट लक्षात घेतली, जणू उद्या इथूनच लाँच न्यायची आहे. शेवटच्या टप्प्यात ते फार दमले. दर दहा पावलांवर बसले. एकदा वाटले, आता उठणार नाहीत. मी हळूच म्हणालो, "रिक्षा आणू का?" ते म्हणाले, "अर्धी खाडी वलांडल्यावर कोन मागं फिरतो?" इथे मागे फिरण्याचा प्रश्नच नव्हता, रिक्षाचा होता, पण मी पुढे बोललो नाही. चांगल्या पायांचा माणूस जो वळसा दीड-दोन तासांत संपवील, तो आम्ही दुपारी एकच्या सुमारास संपवला. बाजारात शिरताच आप्पांनी पायांकडे पाहिले. धोतर गुडघ्यापर्यंत तांबडे झाले होते. आई म्हणाली, "ह्यो डाग जायचा नाय." तो गेलेला नाही.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. आप्पा मोऱ्यात दिवसा अजूनही बाहेर पडत नाहीत. पण रात्री शेवटची लाँच लागून उतारू पांगले की काठी घेऊन धक्क्यावर जातात; टोकापर्यंत एक फेरी, मग परत. सुरुवातीला मी मागोमाग जात असे; त्यांनी बजावले, तेव्हा बंद केले. त्या वेळी कोळीवाड्यातली चार-सहा माणसे दिव्याखाली जाळी दुरुस्त करीत बसलेली असतात. आप्पा येताना दिसले की त्यांच्या गप्पा थांबत नाहीत, कुणी मान वर करीत नाही; फक्त वाटेत पसरलेले जाळे कुणी तरी हळूच ओढून बाजूला घेतो.